डोह नितळ झाला तेव्हा

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. कोपरगावच्या नव्या कॉलेजात मला वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नोकरी लागली होती, आणि एकट्या मुलीला खोली द्यायला गावात कोणी राजी होत नव्हतं. शेवटी कॉलेजच्या शिपायाने गावाबाहेर तीन मैलांवरच्या एका वस्तीवर त्याच्या लांबच्या नात्यातल्या मावशींकडे नेलं. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वशाट खाता का?" मटण-मासे मी खात नव्हते, नाही म्हणाले. त्यांचा चेहरा जरा पडला, पण खोली दिली.

मावशी पन्नाशीच्या. नवरा वारलेला, थोडा ऊस, दोन म्हशी आणि एकुलती एक मुलगी, तीही शेजारच्याच गावात दिलेली. मुलीला लेकरं किती, असं कोणी विचारलं की मावशी लगेच म्हणायच्या, "दोन." महिनाभर मी या दोन नातवंडांची वाट बघितली. मुलगी दोनदा येऊन गेली, पण एकटीच. मला राहवेना. मी विचारलं, "मावशी, मुलं कुठे असतात?"

"न्हाईत," मावशी पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाल्या. "एक पाचव्या म्हैन्यात गेलं. एक जन्मलं आन् तवाच गेलं. पन हुती की."

मला ते विचित्र वाटलं. मी तेवीस वर्षांची होते, हातात नवीकोरी एमएस्सीची डिग्री होती, आणि जे समोर हजर असेल तेच मोजायचं असतं यावर माझा गाढ विश्वास होता.

वस्तीच्या खालच्या अंगाला ओढा होता. कालव्याच्या पाझरामुळे तो उन्हाळ्यातही थोडाफार वाहायचा, आणि एका जुन्या उंबराखाली त्याचा डोह झाला होता. डोहाच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड. त्या आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवी. बायका त्यांना हिरव्या बांगड्या वाहायच्या, दहीभात ठेवायच्या. डोहाचं पाणी हिरवंगार असायचं. तिथे लोक म्हशी धुवायचे, गोधड्या धुवायचे, पण प्यायचं पाणी मात्र विहिरीवरून. हिरवं पाणी पिऊ नये एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मूळची पारनेरकडची. आमच्याकडे पाणी म्हणजे पोहरा खाली सोडल्यावर पुष्कळ वेळाने त्याचा आवाज यायचा, तेवढंच. इतकं उघडं, निवांत पडलेलं हिरवं पाणी मी जन्मात बघितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी मावशींकडून लोणच्याची रिकामी काचेची बरणी मागून घेतली, डोहातून भरून आणली आणि माझ्या खिडकीत ठेवली. उन्हात ती बरणी इतकी छान दिसायची की मी अभ्यास सोडून तिच्याकडे बघत बसायचे. मावशी म्हणाल्या, "लोक खिडकीत तुळस ठिवत्यात, तुमी घान ठिवली."

घाण नाही ते, असं मी त्यांना पटवून देणार होतेच. एका शनिवारी प्राचार्यांच्या परवानगीने मी कॉलेजात नुसता पडून असलेला जुना पितळी सूक्ष्मदर्शक घरी ठेवायला आणला. लाकडी पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसले तेव्हा कंडक्टरने विचारलं, "हार्मोनियम का?" मी हो म्हणून टाकलं, कारण खरं सांगत बसले असते तर माझा थांबा निघून गेला असता.

खिडकीत उजेडाकडे आरसा वळवला, खोलगट काचपट्टीवर बरणीतला थेंब घेतला आणि मावशींना बोलावलं. त्यांना एक डोळा मिटता येईना. एक मिटला की दुसराही मिटायचा. शेवटी त्यांनी एका डोळ्यावर पदर धरला आणि दुसरा नळीला लावला.

"अगं बया," त्या म्हणाल्या, आणि डोळा नळीवरून हलवेनात.

त्यांना काय दिसत होतं ते मला माहीत होतं. हिरव्या पट्ट्यांचे वेढे असलेले लांब धागे, काचेच्या डबीसारखे छोटे डायॅटम, आणि या सगळ्यांतून हळूहळू गरगरत जाणारे हिरवे गोल, व्हॉल्वॉक्स. ते एवढे मोठे असतात की उजेडात धरलं तर बरणीतही टिंबांसारखे दिसतात. मावशी त्या गोलांमागे डोकं हलवत होत्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. त्या मोजत होत्या.

"सात हायेत," त्यांनी डोकं वर काढलं. डोळ्यांत पाणी होतं, पण ते एका डोळ्याने बघून आलं असावं असं मी समजले. "बाई, ह्याच त्या."

"कोण?"

"आसरा. लहानपनापासून हात जोडते, दिसल्या आज." आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला नमस्कार केला.

मला हसू आलं. मी त्यांना शेवाळाविषयी एक छोटंसं व्याख्यान दिलं. ही एकेक बारीक वनस्पती आहे, उन्हावर जगते, पाण्यात प्राणवायू सोडते, हिला व्हॉल्वॉक्स म्हणतात. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. "असंल की," त्या म्हणाल्या. "तुमच्यात तसं म्हनत असतील."

त्यानंतर रविवारी दुपारी भांडी आवरली की त्या माझ्या दारात उभ्या राहायच्या. "दावता का जरा?" एवढंच म्हणायच्या. मीही रविवारची वाट बघायला लागले. घरापासून लांब राहणाऱ्या मुलीला आपल्या कामाचं कोणाला तरी कौतुक आहे याचं किती बरं वाटतं, ते मला तिथे कळलं.

थंडी सरता सरता मुलगी बाळंतपणाला आली. तिसऱ्या वेळेला. ती फार कमी बोलायची, पोटावर हात ठेवून ओसरीवर बसायची, आणि कोणी बाळाचा विषय काढला की उठून आत जायची. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी तिला डोहावर घेऊन गेल्या. मीही गेले. मावशींनी नवस बोलला, मोठ्याने, आम्हा दोघींच्या देखत. लेकरू जगू दे. सव्वा महिन्याचं झालं की काठावर आणीन, तुमच्या पाण्यानं न्हाऊ घालीन, आणि त्यातलंच बोटानं तीनदा चाटवीन. मुलगी खाली बघत उभी होती. परत येताना तिने माझा हात धरला, तो घरापर्यंत सोडला नाही.

शिमग्याच्या आधी चार दिवस तिला मुलगी झाली. किरकोळ, पण खणखणीत रडणारी. मावशी आत-बाहेर पळत होत्या आणि मध्येच थांबून ते रडणं ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "आइका, आइका, कसं वरडतंय." एवढ्या आनंदाने रडणं ऐकणारं माणूस मी पुन्हा बघितलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत डोह बदलला. आधी दोन-तीन दिवस उबट वास आला, काठाला तपकिरी साय धरली. सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडत होते, असं कोणीतरी सांगितलं. मग सायही गेली, वासही गेला, आणि पाणी नितळ झालं. इतकं नितळ की पुरुषभर खोल तळातले गोटे मोजावेत. वस्तीवर कोणी असं पाणी बघितलं नव्हतं. बायका काठावर जमून बघत होत्या.

मी त्या दिवशी एसटी पकडायला निघाले होते. उशीर झालेला, खांद्याला पर्स, एका हातात छत्री. काठावरून एकीने विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. पानी चांगलं झालं न्हवं?"

मी बांधावरूनच एक नजर टाकली. "हो की," मी म्हणाले, "शेवाळ गेलं सगळं. आता अगदी स्वच्छ आहे." आणि एसटीमागे पळाले.

एवढंच वाक्य. मी शेवाळावर प्रबंध लिहायची स्वप्नं बघत होते, आणि शेवाळ का गेलं असा प्रश्नही मला पडला नाही. एसटी मिळाली याचाच आनंद. आजही मी कोणाला घाईत उत्तर देते तेव्हा मला तो बांध आठवतो आणि माझाच राग येतो.

माझं वाक्य मात्र वस्तीभर फिरलं. कॉलेजच्या बाईंनी पाणी चांगलं म्हणून सांगितलं. विहीर तळाला गेलेलीच होती, तेव्हा दोन-तीन घरच्या बायकांनी डोहातून प्यायचे हंडे भरायला सुरुवात केली. लेकरू जगलं म्हणून आसरांनीच पाणी उजळलं, असं सगळ्या म्हणू लागल्या. मावशींना तर काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी नवसासाठी हिरवा खण आणून ठेवला.

पुढच्या रविवारी मी सोमवारच्या प्रॅक्टिकलसाठी डोहातून बाटली भरून आणली. थेंब घेतला, बघितलं, काही दिसेना. मला वाटलं आरसा हलला. तो नीट केला. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. मग तळाचा थोडा गाळ घेतला तेव्हा दिसलं. हिरव्या पट्ट्यांचे वेढे तुटून, आक्रसून एका कोपऱ्यात गोळा झाले होते, आणि त्यांचा हिरवा रंग उडाला होता. डायॅटमच्या डब्या होत्या, पण रिकाम्या. गोल एकही नव्हता. काही फिरत नव्हतं, काही हलत नव्हतं. शेजारच्या खोलीत मावशी नातीला न्हाऊ घालत होत्या आणि कसलंसं गाणं म्हणत होत्या.

मी कोणाला काही बोलले नाही. आता तरी पुरतं बघूनच बोलायचं ठरवलं. काचेचे दोन पेले घेतले. एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात डोहाचं. दोन्हींत बरणीतलं थोडं थोडं हिरवं शेवाळ घातलं आणि खिडकीत ठेवले. विहिरीच्या पाण्यातल्या शेवाळावर उन्हात बारीक बुडबुडे धरायचे. डोहाच्या पाण्यातल्यावर पहिल्या दिवशी थोडे धरले, दुसऱ्या दिवशी एकही नाही. चौथ्या दिवशी ते पिवळट पडून तळाशी बसलं होतं.

मग मी ओढ्याच्या काठाने वर चालत गेले. मैलभर वर, रस्त्याच्या कडेला, एक पत्र्याची शेड नवीन झाली होती. उसातल्या तणावर मारायचं औषध मोठ्या पिंपांतून यायचं, तिथे ते पातळ करून डब्यांत भरायचे. शेडच्या मागे, ओढ्यात गुडघाभर उतरून, एक माणूस रिकामी पिपं धूत होता. त्याने वळून बघितलं आणि ओळखीचं हसला. तो मावशींचा जावई होता, बाळाचा बाप. ही नोकरी त्याला महिन्यापूर्वीच लागली होती.

"या बाई," तो म्हणाला. त्याला फार अभिमान वाटत होता. "लई भारी औषीद हाय. उसाला काय करत न्हाई. तन तेवढं वळखून मारतं."

मी विचारलं, "धुतलेलं पाणी कुठे जातं?"

त्याने ओढ्याकडे हात केला. "ह्ये काय, वाहून जातं."

डोहाचं, पेल्यांचं, सगळं मी त्याला सांगितलं. त्याचं हसू हळूहळू गेलं. "पन तन मारायचं औषीद हाय ते, बाई," तो म्हणाला. "मानसाला काय न्हाई, असं मालकच म्हनले." पाण्यातलं शेवाळ त्या औषधाच्या लेखी तणच आहे, हे मी त्याला सांगितलं. तान्ह्या बाळाला त्याने काय होईल, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही छातीठोक सांगता येणार नाही. पण ज्या पाण्यात एक हिरवा ठिपका जगू शकत नाही, ते सव्वा महिन्याच्या जिवाच्या तोंडात घालायचं नाही, एवढं मला पक्कं कळत होतं.

मी शेडच्या मालकालाही भेटले. सज्जन दिसणारा माणूस, चहा मागवला. सगळं ऐकून म्हणाला, "बाई, पाणी तर केवढं निर्मळ झालंय! तुम्हीच म्हणालात ना तसं? आमच्यापर्यंत आलं होतं." मी चहा तसाच ठेवून उठले.

काठावरच्या बायकांना सांगायला गेले, तर त्यांनीही माझंच वाक्य माझ्यापुढे ठेवलं. एक म्हणाली, "तवा चांगलं, आता वंगाळ. बाई, एक कायतरी सांगा." दुसरी म्हणाली, "उकळून घेतलं तर?" उकळून हे औषध जाणार नाही म्हटल्यावर त्या एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांचं काय चुकलं? डोळ्यांना हिरवं दिसत होतं तेव्हा मी त्याचं कौतुक सांगत होते, आणि आता स्वच्छ दिसत होतं तर नको म्हणत होते. मी घरी येऊन रडले. सव्वा महिन्याला दहा दिवस उरले होते.

मावशींनी मला रडताना बघितलं. त्या जवळ येऊन बसल्या. मग मीच म्हणाले, "मावशी, जरा बघता का?"

आधी त्यांना बरणीतला थेंब दाखवला. त्यांनी पदराने डोळा झाकला, बघितलं, ओळखीचं हसल्या. मग पट्टी बदलून डोहातला थेंब ठेवला. त्या बघत राहिल्या. पट्टी इकडे सरकवायला सांगितली, तिकडे सरकवायला सांगितली.

"कुटं गेल्या?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी सांगितलं. शेड, पिपं, औषध. जावयाचं नाव घेताना माझी जीभ अडखळली, पण तेही सांगितलं. मावशी भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "आसरा उठून गेल्या, बाई. रिकाम्या पान्याला नवस कसा फेडायचा?"

मी तोंड उघडलं होतं. त्या देवी नाहीत, ते शेवाळ आहे, हे व्याख्यान माझ्या जिभेवर तयार होतं. ते मी गिळलं. संध्याकाळपर्यंत वस्तीवर सगळ्यांना कळलं की डोहातून आसरा उठून गेल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे एकही हंडा बुडाला नाही. माझ्या दोन पेल्यांनी जे झालं नाही ते मावशींच्या एका वाक्याने झालं. मला आनंद झाला आणि थोडा अपमानही वाटला, हे कबूल करते.

जावई सासूसमोर आला तेव्हा मान खाली होती. मावशींनी त्याला बोल लावला नाही. सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि दोन्ही थेंब बघायला लावले. तो उठला आणि हात स्वतःच्या धोतराला पुसत राहिला. पुढच्या दिवसापासून तो पिपं ओढ्यात धुवेनासा झाला. लांब माळावर खड्डा खणून त्यात पाणी ओतायचा. मालक चिडला, पण माणूस कामाला चांगला होता, म्हणून गप्प बसला. त्या खड्ड्यातलं पुढे कुठे झिरपलं असेल, हा विचार मला फार नंतर सुचला. तेव्हा आम्हाला तेवढंच सुचलं होतं.

डोहाचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. पावसाळ्यात वरून पाणी आलं, दिवाळीच्या सुमारास कडेने हिरवट झाक धरली. पुढच्या वर्षी तर दुष्काळात तो आटलाच, आणि मी तोवर बदलीवर गेले होते.

पण नवस राहिला होता. मावशींनी त्यावर तोड स्वतःच काढली. एक दिवस माझ्या दारात उभ्या राहून खिडकीकडे बोट केलं. "त्या हितं हायेत की. तुमच्या बरनीत."

तसं बघितलं तर खरंच होतं. डोह बिघडायच्या आधीचं पाणी त्या एका बरणीतच उरलं होतं. मी एकच अट घातली, बाळाला चाटवायचं नाही. मावशींनी विचार केला. "चाटवायचं न्हाई तर टाळूला लावू," त्या म्हणाल्या. "त्येंना कळंल."

आता माझी पंचाईत सुरू झाली. व्हॉल्वॉक्स बरणीत फार दिवस टिकत नाही. इतके दिवस टिकले तेच नवल, आणि ते का टिकले ते मला नीट सांगता येणार नाही. मी बरणी उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात हलवत होते. विहिरीचं पाणी उकळून, गार करून, त्यात चिमूटभर शेतातली माती मिसळून थोडं थोडं घालत होते. तरी टिंबं कमीच होत होती. कॉलेजात शिकवताना माझं लक्ष नसायचं. प्रबंधासाठी मी इतका जीव कधी टाकला नव्हता.

सव्वा महिन्याच्या दिवशी मी रजा टाकली. उजाडल्यावर बरणी खिडकीत धरून ड्रॉपरने एकेक टिंब शोधून काढलं आणि खोलगट पट्टीवर घेतलं. सहा होते. बरणी पुन्हा बघितली, तळापासून वरपर्यंत. सहाच.

सात म्हणून टाकावं, असं माझ्या मनात आलं. कोण मोजणार होतं? पण या माणसांना पाण्याबद्दल मी एकदा न बघता सांगून बसले होते. आता बघून खोटं सांगायचं?

मावशी आल्या, हिरवा खण, बांगड्या आणि दहीभाताची वाटी घेऊन. मागे मुलगी, बाळ दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. दारात जावई. बरणीला हळदकुंकू लावलं. मावशींनी विचारलं, "सात हायेत न्हवं?"

"सहा आहेत, मावशी," मी म्हणाले.

मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते कुरकुरलं. दोनदा रिकाम्या हाताने परत गेलेली बाई ती, तिला एक कमी म्हणजे काय ते मी सांगायला नको होतं. मला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

मावशी सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या. पदर डोळ्यावर धरला. पुष्कळ वेळ बघत होत्या, ओठ हलत होते. मग डोकं न उचलता त्यांनी विचारलं, "बाई, ही थोरली हाय, मधी. हिच्या पोटात काय हाय?"

"तिचं पिल्लू," मी म्हणाले. "आतच वाढतं. पुरतं झालं की आई फुटते आणि ते बाहेर येतं." हे मी गेल्याच महिन्यात वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं.

मावशींनी डोकं वर काढलं. माझ्याकडे असं बघितलं, जशी मी केवढी अडाणी. "मग सहा कशा?" त्या म्हणाल्या. "पोटातलं मोजायचं न्हाई व्हय?"

मुलीने बाळ नवऱ्याच्या हातात दिलं आणि आईच्या जागी येऊन बसली. तिने कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. ती बघत राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. मग ती म्हणाली, "आई, सात हायेत." त्या दिवशी ती एवढंच बोलली. तिने बरणीत बोट बुडवून बाळाच्या टाळूला तीनदा लावलं, आणि प्रत्येक वेळी मध्ये थोडी थांबली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आमच्या विभागातल्या बाईंनी रजेचं कारण विचारलं. मी म्हणाले, घरमालकिणीच्या मुलीच्या बाळाचा सव्वा महिना होता.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "पहिलंच का?"

"नाही," मी म्हणाले. "तिसरं."